ताईला पाठवलेला धडा

पत्र:

दीड वर्षापूर्वी माझ्या कामाच्या ठिकाणी तक्रारी ऐकून घेणाऱ्या समितीवर माझी नेमणूक झाली. प्रशिक्षण असं काही मिळालं नाही, म्हणून मी आपणहून वाचायला लागले. संघर्ष, कायदा, संवाद, माणसांचं वागणं या विषयांवरची जाडजूड, तळटिपांनी भरलेली पुस्तकं. आतापर्यंत अकरा झाली. पहिली दोन-तीन वाचताना भारावून गेले होते. आता मात्र गोंधळ उडालाय. एक पुस्तक म्हणतं माणूस हिशेबी आहे, दुसरं म्हणतं हिशेब त्याला जमतच नाही. एक म्हणतं संघर्ष सोडवा, दुसरं म्हणतं संघर्षावाचून समाज उभाच राहत नाही. एका पुस्तकातला मला फार आवडलेला प्रयोग दुसऱ्यात चक्क मोडीत काढलेला होता.

हे एकवेळ चाललं असतं. खरं दुखणं वेगळं आहे. आई गेल्यापासून माझं आणि माझ्या मोठ्या बहिणीचं धड बोलणं नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून सुरू झालं आणि आता आईच्या घराच्या वाटणीवर येऊन अडकलंय. मागच्या महिन्यात एका पुस्तकात, घरातल्या कामांत नवरा-बायको आपापला वाटा किती धरतात याच्या अभ्यासावरचं एक प्रकरण वाचलं. वाटलं, ही तर हुबेहूब ताई. त्या पानांचे फोटो काढले, ओळींखाली रेघा मारल्या आणि तिला पाठवून दिले. खाली लिहिलं, ‘शांतपणे वाच, पटेल.’ तिनं मला ब्लॉक केलं. नवरा म्हणतो, ‘तू हल्ली माझ्याशी बोलत नाहीस, माझा अभ्यास करतेस.’

पुस्तकं चुकीची आहेत, की मी चुकीचं वाचतेय? की हे वाचनच बंद करू?

– अकरा पुस्तकांची धनीण

उत्तर:

धनीणबाई,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी चार वेळा वाचली. ताईला पाठवलेल्या फोटोंखालची. ‘शांतपणे वाच, पटेल.’ शब्द तीनच. पण ताईनं त्यात ‘तू शांत नाहीस’, ‘तुला कळत नाही’ आणि ‘मला आधीच कळलंय’ अशी तीन वाक्यं वाचली असणार. मीही तीच वाचली, आणि मी तर तुमची कोणी लागत नाही.

आधी तो अभ्यास बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. तुमच्या वर्णनावरून तो मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांचा १९७९ चा अभ्यास दिसतो. घरातली वीसेक कामं आणि प्रसंग त्यांनी निवडले, नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवलं, आणि प्रत्येक बाबतीत आपला वाटा किती ते विचारलं. मग दोघांचे वाटे मिळवले. बहुतेक जोडप्यांत बेरीज पुऱ्याच्या पुढे गेली. कोणी खोटं बोलत होतं म्हणून नाही. आपण केलेलं काम आपल्याला आतून आठवतं, झोपेतून उठल्याचा कंटाळा, पाठीतली कळ, परत झोप न लागणं या सगळ्यासकट. दुसऱ्याचं मात्र जेवढं नजरेला पडलं तेवढंच. आणि त्या यादीत भांडण उकरून काढण्यासारख्या वाईट गोष्टीही होत्या. तिथेही माणसं स्वतःचा वाटा जास्तच धरताना दिसली. तेव्हा याला फुशारकी म्हणून सोडून देता येत नाही.

आता मला सांगा, दोघांत घडणारी गोष्ट तुम्ही वाचलीत आणि रेघा मारल्यात त्या एकीच्याच नावानं. ताईची बेरीज चुकली असेलही. पण त्याच पानाच्या हिशेबानं तुमचीही चुकलेली असायला हवी, आणि पत्रात त्याचा मागमूस नाही. पुस्तक ठीक आहे. तुम्ही अर्धंच वाचलंत.

लाज वाटून घेऊ नका. मी यातून गेलेली आहे. मध्यस्थ म्हणून काम सुरू केलं तेव्हा माझं डोकं असंच पुस्तकांनी भरलेलं होतं. धंद्यातले दोन जुने भागीदार समोर बसले होते. त्यातले थोरले पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होते, पहिल्या वर्षी पगार न घेता दुकान कसं त्यांनी एकट्यानं ओढलं ती. तिसऱ्यांदा सुरू झाले तेव्हा मी मोठ्या मायेनं त्यांना सांगितलं की तुम्ही आत्ता जे करताय त्याला मानसशास्त्रात अमुक म्हणतात. ते बोलायचे थांबले. पेनाला टोपण लावलं, कागद एकावर एक ठेवून टोकं जुळवली, आणि म्हणाले, “बाई, मी बोलतोय त्याला नाव ठेवू नका. ते ऐका.” बैठक तिथेच संपली. संज्ञा अगदी बरोबर वापरली होती मी. पुढे त्यांची तडजोड झाली असं कानावर आलं, दुसऱ्याच कोणाकडे.

‘नाव ठेवणं’ याचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत, एक बारशाचा आणि एक निंदेचा. भांडणात समोरच्याच्या वागण्याला शास्त्रीय नाव दिलं की ते लगेच दुसऱ्या अर्थानं ऐकू येतं.

असं का होतं त्याचं माझ्या मते सर्वात नेमकं उत्तर १९६७ च्या एका पुस्तकात आहे, पॉल वॉट्झलाविक, जॅनेट बेव्हिन आणि डॉन जॅक्सन यांच्या. ते म्हणतात, प्रत्येक बोलण्याला दोन थर असतात. एक आशयाचा आणि दुसरा नात्याचा, म्हणजे हे बोलताना मी कोण आणि तू कोण याचा. तुमच्या फोटोंचा आशय निर्दोष होता. नात्याच्या थरावर मात्र ‘मी डॉक्टर, तू पेशंट’ असं गेलं. त्यात ती मोठी बहीण. त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे. न संपणाऱ्या भांडणात दोघंही साखळीची पहिली कडी वेगळी धरतात. बायको कटकट करते म्हणून नवरा गप्प बसतो. नवरा गप्प बसतो म्हणून बायको कटकट करते. तुमच्या घरात ते असं असेल: ताई बोलत नाही म्हणून मी पानं पाठवली, ही असलं काहीतरी पाठवते म्हणून मी बोलत नाही. यात पहिलं कोण, हे शोधायला निघालात तर आईच्या आजारपणाच्याही मागे, पार लहानपणच्या खोलीपर्यंत जाल.

नवऱ्याचं म्हणणं मला पटलं. त्याच्यासमोर महिनाभर ‘तुला नेमकं काय वाटलं?’ हा प्रश्न बंद ठेवा. तो प्रश्न वाईट नाही, पण तुमच्या तोंडी आता त्याला तपासणीचा सूर लागला असणार. पुढे तो हसून सांगेल तेव्हा सुरू करा.

आता गोंधळाचं. पुस्तकं एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असं तुम्हाला वाटतं, त्यातला बराचसा विरोध तुम्ही ती एकाच फळीवर लावल्यानं आलाय. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६० मध्ये संघर्षातल्या डावपेचांवर लिहिलं ते शीतयुद्धाच्या काळात. एकमेकांचे वैरी, पण दोघांनाही सर्वनाश टाळायचाय, अशांनी हिशेबानं वागायचं म्हटलं तर धमकी कधी खरी वाटेल, माघारीची वाट आपणच बंद केली तर काय होईल, असे त्यांचे प्रश्न. डॅनियल कानेमान आणि एमॉस टव्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये तपासलं ते माणसं प्रत्यक्षात निवड कशी करतात हे; आणि तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचा सल मोठा असतो असं दाखवलं. एक बुद्धिबळाचा पट मांडतो, दुसरा खेळणाऱ्याचा घाम बघतो. दोघांनाही अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, कानेमान यांना २००२ मध्ये आणि शेलिंग यांना २००५ मध्ये. नोबेल समितीनं त्यांच्यात भांडण लावलं नाही, तुम्हीही लावू नका. संघर्ष हवा की नको याचंही तसंच. लुईस कोझर यांनी १९५६ मध्ये संघर्षाचे उपयोग मांडले, मॉर्टन डॉइच यांनी १९७३ मध्ये संघर्ष सोडवण्यावर लिहिलं, पण डॉइचसुद्धा संघर्ष नाहीसा करा असं म्हणत नाहीत. काहीतरी जोडणारा संघर्ष मोडणारा कशानं होतो, हा त्यांचा ध्यास. प्रस्तावना वगळून वाचणाऱ्यांची ही नेहमीची फसगत. तुम्हीही वगळता ना?

मोडीत निघालेला प्रयोग कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. उमेदवार भरपूर आहेत. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास अनेक संशोधकांनी मिळून पुन्हा करून बघितले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीच्या कसोटीला उतरणारा परिणाम होता. पुन्हा केल्यावर तो उरला ३६ टक्क्यांत. कानेमान यांच्या २०११ च्या गाजलेल्या पुस्तकातलं, नकळत मिळालेल्या इशाऱ्यांनी माणसाचं वागणं बदलतं असं सांगणारं प्रकरण पुढे टीकेखाली आलं, आणि फार थोड्या माणसांवर केलेल्या अभ्यासांवर आपण नको इतका भरवसा ठेवला हे त्यांनी स्वतः मान्य केलं. नोबेल मिळालेला माणूस असं म्हणतो तेव्हा मला त्याचं उरलेलं पुस्तक जास्त विश्वासाचं वाटतं. माझा हा स्वभाव असेल.

तुमच्या कामाच्या जवळचं एक उदाहरण सांगते. भुकेल्या न्यायाधीशांची गोष्ट तुमच्या अकरांपैकी कुठल्या तरी पुस्तकात नक्की असेल. इस्रायलमधल्या पॅरोल मंडळांच्या निर्णयांचा हा अभ्यास २०११ मध्ये आला. सत्राच्या सुरुवातीला सुमारे ६५ टक्के कैद्यांच्या बाजूनं निर्णय, सत्र संपत येईपर्यंत तो आकडा जवळजवळ शून्यावर, खाऊन-पिऊन परत आले की पुन्हा वर. गोष्ट इतकी झकास की कोणीही सांगावी. पण त्याच वर्षी त्याच नियतकालिकात आक्षेप छापून आला: प्रकरणांचा क्रम योगायोगानं ठरत नव्हता. ज्यांना वकील नव्हता ते कैदी बहुधा सत्राच्या शेवटी घेतले जात, आणि वकील नसलेल्याला पॅरोल मिळण्याची शक्यता तशीही कमीच. थोडक्यात, पोटापेक्षा रांगेनं जास्त काम केलेलं असू शकतं. तुमच्यासारख्या समितीवरच्या बाईला तर मूळ गोष्टीपेक्षा हा आक्षेपच कामाचा. तुमच्याकडे सुनावणीचा क्रम कोण लावतो? बरोबर बोलायला कोणी नसलेला माणूस दर वेळी शेवटी तर येत नाही?

म्हणून माझी एक सवय सांगते. निष्कर्षाखाली रेघ मारण्याआधी समासात पेन्सिलीनं चार शब्द: कोण, किती, कुठे, कसं. कोणावर केलं, किती जणांवर, कुठे, आणि माणसांना नुसतं विचारलं की ती वागताना पाहिली. या चारांची उत्तरं पुस्तकात सापडली नाहीत तर ते वाक्य बोलताना वापरायचं नाही. या एका सवयीनं माझी भाषणं निम्म्यानं आखूड झाली. ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि चेहरा’ हे प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येणारं वाक्य या पेन्सिलीपुढे टिकत नाही. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांत लोकांना सुटे शब्द ऐकवले होते आणि चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली होती, आणि प्रश्न होता तो बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढाच. हे आकडे सरसकट सगळ्या बोलण्याला लावू नका असं खुद्द मेहराबियन सांगत आले. शब्दांना खरंच ७ टक्के किंमत असती तर तुमच्या त्या तीन शब्दांनी एवढा घोळ झाला नसता.

समितीच्या कामासाठी मात्र वाचन अजिबात सोडू नका. उलट त्यासाठी मला तीन गोष्टी द्याव्याशा वाटतात, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

पहिली, १९८०-८१ चा एक लेख, विल्यम फेल्स्टिनर, रिचर्ड एबल आणि ऑस्टिन सॅराट यांचा. वाद जन्माला कसे येतात, हा विषय. ते तीन पायऱ्या सांगतात. आधी माणसाला कळावं लागतं की आपल्याला इजा झाली आहे. मग त्यात कोणाचा तरी दोष आहे असं वाटावं लागतं. आणि मग त्या कोणाकडे तरी भरपाई मागावी लागते. बहुतेक दुखणी पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच विरून जातात. तुमच्या दारात येणारा माणूस तिन्ही चढून आलेला असतो, आणि तुमच्या हातात मिळतो तो तिसऱ्या पायरीचा कागद: अमुकची बदली करा, तमुकला समज द्या. पहिली पायरी त्या कागदावर नसते. ‘हे सगळं तुम्हाला पहिल्यांदा खटकलं तो दिवस सांगा’, एवढं म्हणून बघा. बहुतेकदा तो दिवस कागदावरच्या तारखेच्या कितीतरी आधीचा निघतो. या लेखातला आणखी एक मुद्दा मला अजूनही टोचतो. वाद ऐकणारे, मग ते वकील असोत, अधिकारी असोत की मध्यस्थ, वादाचा आकार बदलतात. आपल्या अर्जातल्या चौकटीत बसेल तेवढंच दुखणं शिल्लक राहतं. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी तर १९७७ मध्ये सरळ म्हटलं होतं की संघर्ष ही ज्यांची त्यांची मालमत्ता असते आणि व्यावसायिक लोक ती चोरतात. मला हे जरा जास्तच वाटतं. पण दर सुनावणीआधी आठवावं असं आहे.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. फरक एका क्रियापदाचा. काहींना विचारलं गाड्या ‘आदळून चुराडा झाल्या’ तेव्हा वेग किती होता, काहींना ‘टेकल्या’ तेव्हा किती. पहिल्यांचं सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल, दुसऱ्यांचं ३१.८. पुढच्या प्रयोगात आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फितीत काच फुटलेलीच नव्हती. ‘चुराडा’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधं ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७. आता तुमच्या सुनावणीची जुनी टिपणं काढा आणि ‘त्यांनी तुम्हाला धमकावलं तेव्हा तिथे कोण होतं?’ असे प्रश्न किती आहेत ते मोजा. ‘मग काय झालं?’ हा प्रश्न बावळट वाटतो, पण तो कोणाच्या तोंडात शब्द घालत नाही.

तिसरी, आणि मला सर्वात प्रिय, न्याय मिळाला असं माणसाला कशानं वाटतं ही. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ मध्ये आणि पुढे टॉम टायलर यांनी १९९० च्या पुस्तकात यावर काम केलं. टायलर यांनी शिकागोतल्या दीड हजारांहून जास्त रहिवाशांशी बोलून, त्यातल्या काहींशी वर्षभरानं पुन्हा बोलून, माणसं कायदा का पाळतात ते तपासलं. शिक्षेच्या भीतीपेक्षा, कायदा राबवणाऱ्यांना तो अधिकार शोभतो असं वाटणं जास्त मोलाचं ठरलं; आणि ते वाटणं निकाल आपल्या बाजूनं लागला की नाही एवढ्यावर ठरत नव्हतं. आपलं म्हणणं मांडू दिलं का, तटस्थपणे वागले का, मान राखला का, हे लोक बघत होते. तुमच्या खोलीत याचा अर्थ अगदी साधा आहे. माणूस बोलत असताना घड्याळाकडे बघायचं नाही. तो म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आणि उठण्याआधी त्याला वाचून दाखवायचं. वाचून दाखवताना माणूस एखादा शब्द दुरुस्त करतो, तेव्हा त्याचे खांदे जरासे खाली येतात. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचीच वाट बघते. आणि निकाल विरुद्ध गेला तर कारण लेखी द्यायचं, दोन ओळी का होईनात.

आता ताई.

इथे एक भेद करा. कायद्याचं पुस्तक वेगळं आणि कायद्याविषयीचं पुस्तक वेगळं. तुमच्या अकरांत बहुतेक दुसऱ्या जातीची असणार. कायदा समाजात कसा वागतो हे ती सांगतील. आईच्या घरात तुमचा वाटा किती हे सांगणार नाहीत. त्यासाठी वकिलाकडे जाऊन एकदाच तासभर बसा, भांडायला म्हणून नव्हे, माहितीसाठी. वाटा किती, कोणते कागद लागतात, आणि दावा करण्याची मुदत कधी संपते, एवढं विचारा. रुसव्याच्या काळात मुदतीचं घड्याळ थांबतंच असं नाही. रॉबर्ट म्नूकिन आणि लुईस कॉर्नहाउझर यांनी १९७९ मध्ये घटस्फोट घेणाऱ्या जोडप्यांबद्दल दाखवलं की कोर्टाबाहेरची बोलणीसुद्धा कायद्याच्या सावलीत होतात: कोर्टात गेलो तर काय मिळेल याचा दोघांचा अंदाज टेबलावर असतोच, कोणी बोलो न बोलो. तो अंदाज चुकीचा असला की बोलणी उगाच ताठर होतात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे खरं, पण ती पायरी केवढी उंच आहे ते माहीत असावं.

पण सावलीच्या पलीकडेही काहीतरी असतं, आणि त्यावरचं माझं आवडतं पुस्तक म्हणजे रॉबर्ट एलिक्सन यांचं १९९१ चं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या शास्ता काउंटीत जाऊन त्यांनी पाहिलं की एकाची गुरं दुसऱ्याच्या कुरणात शिरली तर शेजारी काय करतात. कायद्यानुसार नुकसानीला जबाबदार कोण हे त्या भागात जागेप्रमाणे बदलत होतं. पण शेजाऱ्यांचे व्यवहार कुठेही सारखेच. गुरं शिरली की फोन करायचा, मालकानं येऊन ती न्यायची, दिलगिरी व्यक्त करायची. लहानसहान नुकसान सोसायचं. कायदा नेमका काय म्हणतो याबद्दल कित्येकांच्या समजुती चुकीच्याच होत्या, आणि त्यानं काही अडत नव्हतं, कारण खरा कारभार मनातल्या वहीवर चालायचा: याच्याकडून माझं इतकं येणं, माझ्याकडून त्याचं इतकं. वही साधारण जुळती राहिली की शेजार टिकतो.

तुम्हा बहिणींची वही आईच्या आजारपणात बिघडली आणि आता तिची वसुली घराच्या वाटणीत चाललीय. म्हणून घराबद्दल कितीही न्याय्य प्रस्ताव मांडलात तरी तो बसणार नाही. घराचे तुकडे करून रात्रीची जागरणं फेडता येत नाहीत. आधी वही.

एक कोरा कागद घ्या. आईच्या आजारपणात ताईनं केलेल्या आणि तुम्ही न केलेल्या गोष्टी लिहा. पहिल्या चार-पाच लगेच सुचतील. मग अडेल. अडल्यावरही पंधरा मिनिटं बसून राहा, कारण घरकामाच्या त्या अभ्यासाचा सगळा मुद्दा हाच आहे की दुसऱ्याचं केलेलं आपल्या आठवणीत वर तरंगत नाही, खाली हात घालून काढावं लागतं. जी गोष्ट सर्वात शेवटी निघेल तीच निवडा. तिनं ब्लॉक केलंय म्हणता, तर हातानं पत्र लिहा. साधारण असं:

‘ताई, आईला शेवटचं घरी आणलं त्या आठवड्यात रात्री तू होतीस. मी सकाळी यायचे आणि ती झोपलेली दिसायची. रात्री काय व्हायचं ते मी तुला कधी विचारलं नाही. ती पानं पाठवली ते चुकलं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’

तपशील अर्थात तुमचा. यात घर नाही, पुस्तक नाही, आणि ‘पण’ नाही. ‘पण’ लिहावासा वाटला की पेन खाली ठेवा. मीही केलं होतं असं सांगायची हुक्की येईल. ते खरंच आहे, तरी या पत्रात नको.

उत्तर येईल का? येणारही नाही. आलं आणि घराचा विषय निघाला तर मेरी पार्कर फॉलेट यांची खिडकी लक्षात ठेवा. या बाईंनी १९२० च्या दशकात लिहिलं, बहुतेक जण त्यांना विसरले आणि त्यांच्या कल्पना वापरत राहिले. ग्रंथालयाच्या लहानशा खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेट यांना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली उघडली. त्यांच्या अंगावर वारा येत नव्हता आणि दुसऱ्याला मोकळी हवा मिळाली. फॉलेट म्हणतात ही तडजोड नव्हती, कारण दोघांनाही हवं ते पूर्ण मिळालं. ताईला घरातून काय हवंय, पैसा, की ते विकलेलं बघायला लागू नये एवढंच, हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तरी नाही. तुमचं तुम्हाला माहीत आहे का, हेही नाही.

वाचन बंद करू नका. बारावं पुस्तक मात्र इतक्यात आणू नका. ते प्रकरण पुन्हा उघडा आणि मनात जिथे जिथे ‘ताई’ आली होती तिथे ‘मी’ घालून वाचा. आणि पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर त्या रेघा खोडरबरानं पुसा, नाहीतर तिथेही एक तक्रार तयार व्हायची.